सोन्याचा वर्ख आणि सिलिकॉनची मोजदाद

हा राखाडी, चकचकीत तुकडा शुद्ध सिलिकॉनचा. ल्युडोच्या फाशाएवढा, म्हणजे साधारण एक घन सेंटिमीटर. यात अणू किती? ५ वर २२ शून्यं. आणि नेहमीच्या तापमानाला वीज वाहून नेणारे मोकळे इलेक्ट्रॉन? जेमतेम १ वर १० शून्यं. पाच लाख कोटी अणूंमागे एक! तांब्यात जवळपास प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. त्या मानाने सिलिकॉन महाचिक्कू.

आता यात फॉस्फरस मिसळू. अगदी नावाला, ५० लाख अणूंमागे एक. मोकळे इलेक्ट्रॉन थेट १० लाख पटींनी वाढतात. शेजारच्या अणूंशी बंध जोडायला चार इलेक्ट्रॉन लागतात; फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन त्यात अडकलेला नसतो. त्याला सोडवायला खोलीतली ऊबही पुरते. बोरॉन मिसळलं, तर उलट एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. ती रिकामी जागा म्हणजे 'होल'. शेजारचा इलेक्ट्रॉन तिथे सरकला, की होल त्याच्या जागी जातो. रांग पुढे सरकताना मोकळी जागा मागे मागे जाते, तसं.

पण हे मोजलं कुणी, कसं?

१८७९. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने काचेवर सोन्याचा वर्ख बसवला. हो, वर्खच, आपण मिठाईवर चांदीचा लावतो, तसा. त्यातून वीज सोडली आणि तो चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला. प्रवाहाला आडवं, वर्खाच्या दोन कडांमध्ये, किंचितसं व्होल्टेज उमटलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षं होती!

वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन किंवा होल, जितके कमी, तितकं हे व्होल्टेज जास्त. प्रवाह तेवढाच ठेवायचा, तर मोजक्या वाहकांना जोरात धावावं लागतं, आणि धावणाऱ्याला चुंबक अधिक बाजूला रेटतो. म्हणून प्रवाह, चुंबकाची ताकद, पट्टीची जाडी आणि हे व्होल्टेज कळलं, की वाहकांची गणती झाली.

बोरॉनवाल्या पट्टीत मात्र व्होल्टेज उलटं येतं, जणू धन प्रभारच धावताहेत. इथे आपली रांगेची उपमा लंगडी पडते. सरकतात शेवटी इलेक्ट्रॉनच, मग चिन्ह उलटं का? १९२९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांनी क्वांटम सिद्धांतातून उत्तर काढलं: जवळजवळ भरलेल्या ऊर्जापट्ट्यातल्या (इलेक्ट्रॉनना घेता येणाऱ्या ऊर्जांच्या पट्ट्यातल्या) रिकाम्या जागा खरोखरच धन प्रभारासारख्या वागतात.

प्रयोगशाळेत आजही मीटरवरचं अधिक-उणे चिन्ह पाहून सांगता येतं, तुकड्यात फॉस्फरस आहे की बोरॉन.