अंजिराच्या बागेतला विमानतळ

(पडद्यावर: पहाट. धावपट्टीचे दिवे, पलीकडे सपाट शेतं.)

तुर्कीच्या दक्षिणेला, अदाना शहराच्या वेशीवर, इंजिर्लिक हा लष्करी हवाई तळ आहे. तुर्की भाषेत ‘इंजिर’ म्हणजे अंजीर. फारसीतला हा शब्द तिकडे गेला, तसा आपल्याकडेही आला. इंजिर्लिक म्हणजे अंजिराची जागा. आता तिथे तीन किलोमीटरची धावपट्टी आहे.

१९५१ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी बांधकाम सुरू केलं. सोव्हिएत संघ जवळ, पश्चिम आशिया त्याहून जवळ. १९५४ च्या डिसेंबरात दोन्ही देशांनी तळ मिळून वापरायचा करार केला. जमीन तुर्कीची, तळाचा प्रमुखही तुर्की, अमेरिका भाडेकरू. आता भाडेकरूच घरमालकापेक्षा बलाढ्य असेल, तर घरात चालायचं कुणाचं? इंजिर्लिकची सगळी गोष्ट या भांडणाची आहे.

सुरुवातीला भाडेकरू गुपचूप कामं करत होता. यू-२ ही हेरगिरीची विमानं इथून उडायची. १ मे १९६० ला सोव्हिएत संघानं पाडलेलं अमेरिकी वैमानिक गॅरी पॉवर्सचं यू-२ विमान पेशावरहून निघालं होतं खरं, पण त्याची तुकडी राहायची इंजिर्लिकला.

(पडद्यावर: १९७५ ची वर्तमानपत्रं.)

मग सायप्रसचा प्रश्न पेटला. १९७४ मध्ये तुर्की सैन्य त्या बेटावर उतरलं, आणि अमेरिकी संसदेनं तुर्कीला शस्त्रं देणं बंद केलं. तुर्कीनं जुलै १९७५ मध्ये देशातल्या अमेरिकी तळांचं काम थांबवलं. इंजिर्लिक चालू राहिलं, पण फक्त नाटोच्या, म्हणजे दोघंही सदस्य असलेल्या लष्करी आघाडीच्या कामापुरतं. १९७८ मध्ये शस्त्रबंदी उठली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

१९९१ च्या आखाती युद्धात इथून इराकवर बॉम्बफेक झाली. युद्ध संपताच इथूनच डोंगरात अडकलेल्या कुर्द निर्वासितांसाठी अन्न आणि तंबू गेले.

२००३ ची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. इराकवर उत्तरेकडून चढाई करण्यासाठी अमेरिकेला तुर्कीत हजारो सैनिक उतरवायचे होते. १ मार्चला तुर्की संसदेत मतदान झालं. बाजूनं २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. ठराव जिंकला, असंच कुणालाही वाटेल. पण हजर सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागत होती. म्हणजे २६७. तीन मतं कमी पडली आणि महासत्तेचा बेत फिसकटला!

(पडद्यावर: अंधार. जनरेटरचा आवाज.)

१५ जुलै २०१६. तुर्कीत लष्करी बंडाचा प्रयत्न झाला. बंडखोरांच्या लढाऊ विमानांना हवेत इंधन देणारी तुर्की विमानं इंजिर्लिकवरूनच उडाली होती. तळाच्या तुर्की प्रमुखाला अटक झाली. सरकारनं तळाची वीजच तोडली आणि अमेरिकी सैनिकांनी जवळजवळ आठवडा जनरेटरवर काढला. या तळावर अमेरिकी अणुबॉम्ब ठेवलेले आहेत, असं जाणकार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. अमेरिका यावर हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

पुढच्याच वर्षी या तळावर असलेल्या जर्मन सैन्यानं गाशा गुंडाळला. आपल्या सैनिकांना भेटायला जर्मन खासदारांना तुर्कीनं येऊ दिलं नाही, म्हणून त्यांची विमानं जॉर्डनला गेली.

(पडद्यावर: ढिगारे, धूळ.)

६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे तुर्कीत भूकंप झाला. भारताच्या एनडीआरएफची पथकं अदाना शहरात उतरली. इंजिर्लिकच्या धावपट्टीवर मालवाहू विमानांतून अमेरिकी बचावपथकं आणि वास घेणारी कुत्री उतरली. तिथून हेलिकॉप्टरनं ती निघाली भूकंपग्रस्त अदियामान शहराकडे.