मुंबईचा माणूस असा का वागतो?

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूर असो, चिपळूण असो की लातूर, मुंबईच्या माणसाविषयी चार गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. तो सदा घाईत असतो. घरी पाहुणा आला की पाण्याचा पेला हातात देतानाच 'परतीचं तिकीट कधीचं' विचारतो. पैसा असून त्याचा हात सुटत नाही. आणि गावी आला की आपल्यालाच शहाणपण शिकवतो. यातल्या काही तक्रारी खऱ्या आहेत. पण गावातलाच एखादा मोकळाढाकळा मुलगा नोकरीला मुंबईत जातो आणि वर्षभरात अगदी तसाच वागायला लागतो. तेवढ्यात त्याचा स्वभाव बदललेला नसतो, बदललेला असतो त्याचा दिवस. तो दिवस कसा जातो, ते आज जरा बारकाईनं पाहू.

आधी घाई. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर, विरार ते चर्चगेट ६०. जलद लोकलनंही सव्वा ते दीड तास लागतो. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षाची रांग आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतचं चालणं किंवा बस धरा, म्हणजे एका बाजूचे दोन तास झाले. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला दर तीन-चार मिनिटांनी गाडी नसते. एक चुकली तर पुढचीला पंधरा-वीस मिनिटंही लागू शकतात, आणि तिला दोन गाड्यांची गर्दी असते. कचेरीत हजेरीच्या यंत्रावर बोट टेकायला दहा मिनिटं उशीर झाला की लेट मार्क, आणि असे तीन लेट मार्क झाले की बऱ्याच ठिकाणी अर्धी रजा कापतात. म्हणून मुंबईकर 'आठच्या सुमाराची गाडी' असं कधी म्हणत नाही. तो 'आठ सातची' म्हणतो. सकाळी रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं आणि तो नुसता हात हलवून पुढे गेला, तर रागावू नका. दोन मिनिटं बोलण्याची किंमत त्याला संध्याकाळपर्यंत मोजावी लागते.

गाडीत शिरतानाची धक्काबुक्की बाहेरच्या माणसाला सगळ्यात जास्त लागते. बहुतेक स्टेशनांवर लोकल अर्धा मिनिट थांबते, कधी त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात एकेका दारातून वीस-पंचवीस माणसं उतरायची आणि तेवढीच चढायची. नवखा माणूस दाराच्या मधोमध थांबून 'अंधेरी आली का?' विचारतो, आणि मागचे दहाजण अडकून पुढच्या स्टेशनावर जातात. ओरडा होतो तो त्यामुळे. उतरायची तयारी आधीपासून करावी लागते. बोरिवलीहून जलद गाडीनं येऊन दादरला उतरायचं असेल, तर वांद्रे येण्याआधीच दाराकडे सरकायला सुरुवात करायची. पुढच्या माणसाला 'दादर?' एवढंच विचारायचं. तो उतरणारा असेल तर त्याच्या मागे राहायचं, नसेल तर तो बाजूला होऊन वाट देतो. फलाट कुठल्या बाजूला येणार ते आधी विचारून ठेवायचं. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यायची, कारण पाठीवर ती आणखी एका माणसाची जागा खाते आणि तिचे बंद दुसऱ्याच्या पिशवीत अडकतात. संध्याकाळी बोरिवलीला जाणाऱ्यानं विरारची गाडी शक्यतो धरू नये. बोरिवलीसाठी वेगळ्या गाड्या असतात, आणि विरारला जाणाऱ्याला दुसरा पर्याय नसतो. वाद तिथूनच पेटतात.

हे नियम कुठे लिहिलेले नाहीत, आणि चुकले तर नुसता शब्दाला शब्द लागून भागत नाही. उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जिवाला मुकली आहेत. काही रूळ ओलांडताना, काही भरल्या गाडीच्या उघड्या दारातून पडून. दारातल्या माणसाचा आवाज चढतो तेव्हा त्यामागे हेही असतं.

आणि याच डब्यात दुसरंही पाहायला मिळतं. तिघांच्या बाकावर चौथा येऊन उभा राहिला की तिघंही काही न बोलता आत सरकतात. चौथ्याला अर्धीच जागा मिळते, पण मिळते. रोजच्या ग्रुपमध्ये कल्याणपासून बसून आलेला ठाण्याला आपणहून उठतो आणि उभ्यानं आलेल्याला बसवतो. गाडीत भजनं होतात, दसऱ्याला डब्याला तोरण बांधून पूजा होते. ज्याला आपण माणूसघाणा म्हणतो, त्याची कितीतरी मैत्री या डब्यात जुळलेली असते.

आता घर. मुंबईकराच्या पाहुणचाराबद्दल जे बोललं जातं, ते त्याच्या घराचं क्षेत्रफळ पाहिल्याशिवाय बोलू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या या चाळींत तीन-तीन पिढ्यांनी संसार केले. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, पुढे २६९ झालं, आता ३०० आहे. १६० चौरस फुटांत ओटा, मोरी, कपाट आणि एक पलंग बसवल्यावर जमिनीवर जेमतेम तिघं झोपू शकतात. पाचजणांच्या घरात एक पाहुणा आला की मुलगा गॅलरीत अंथरूण टाकतो, दुसरा आला की शेजाऱ्यांकडे जातो. दहावीच्या मुलीचा अभ्यास रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर, ओट्याजवळच्या दिव्याखाली चालतो. परतीची तारीख विचारली जाते ती या सगळ्याची व्यवस्था लावायची असते म्हणून.

पाण्याचंही तसंच. बहुतेक वस्त्यांत नळाला ठरावीक वेळी, दोन-तीन तास पाणी येतं, काही ठिकाणी पहाटे चारला. तेवढ्यात २०० लिटरचं पिंप आणि हंडे-कळशा भरून घ्यायच्या. मुंबई महापालिका वर्षानुवर्षं इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असा हिशेब धरत आली. ४५ लिटर म्हणजे दोन बादल्या आणि थोडं वर. त्यात आंघोळ, कपडे, भांडी, संडास, पिणं. गावी विहिरीवर किंवा नदीवर मोकळेपणानं आंघोळ करणारा पाहुणा सवयीनं तीन बादल्या ओतून घेतो, आणि दुपारी भांडी घासायला पिंप रिकामं असतं.

पण पाण्याच्या बाबतीत मुंबईवरचा एक राग रास्त आहे, आणि तो मुंबईतल्या लोकांनी ऐकला पाहिजे. शहराला पाणी सात तलावांतून येतं: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. यातले फक्त विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या गावापाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन त्याची वाट पाहतात. तिथला माणूस 'तुम्हा मुंबईवाल्यांचं बरं आहे' म्हणतो, तेव्हा त्याला असूया म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. समजा, नालासोपाऱ्याच्या एका घरात महिन्याला ३०,००० रुपये येतात. भाडं ८,०००, किराणा, दूध, भाजी ९,०००, दोन मुलांची शाळा आणि क्लास ५,०००, वीज, गॅस आणि फोन ३,०००, पास आणि रिक्षा २,०००, गावी आईवडिलांना ३,०००. बेरीज करून पाहा, शिल्लक काही नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडं वाढतं, नाहीतर घर बदला, म्हणजे दलालाला पुन्हा एक महिन्याचं भाडं. गणपतीला गावी आलेल्या माणसाच्या अंगावर नवा शर्ट दिसतो, त्यामागची उधारी दिसत नाही.

कोकणात हा विषय जास्त नाजूक आहे. गिरणगावातल्या कामगारांच्या मनीऑर्डरींवर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली घरं चालली, आणि १९८२च्या संपानंतर ती मिळकत कित्येक घरांची एकदम तुटली. आजही अनेक गावांत ग्रामस्थ मंडळ आणि मुंबई मंडळ अशी दोन मंडळं असतात. देवळाच्या जीर्णोद्धाराचा पैसा बराचसा मुंबईहून येतो, त्यामुळे निर्णयही तिथल्या एखाद्या हॉलमधल्या बैठकीत होतात. पालखी कुठल्या वाटेनं जाणार, सभामंडपाला फरशी कुठली, हे वर्षाचे दहा दिवस येणारा ठरवतो, आणि रोज दिवा लावणारा ऐकत राहतो. घर अकरा महिने कुलूपबंद, जमीन पडीक, आणि सामाईक सातबारावर सही हवी असली की माणूस सापडत नाही. गावकऱ्यांची ही तक्रार खोटी नाही. ज्या गावांनी मुंबईची बैठक बंद करून वर्षातून एकदा, गणपतीत किंवा शिमग्यात, दोन्हीकडच्यांची एकत्र बैठक गावातच घ्यायची ठरवली, तिथे कुरबुर कमी होते. हिशेबाची वही गावात आणि तिची प्रत मुंबईत, एवढं केलं तरी पुष्कळ.

मुंबईकराचं एक कौतुकही होतं, त्याबद्दल सांगायलाच हवं. 'मुंबई कधी थांबत नाही' असं म्हणतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाण्याच्या हिशेबानं बांधलेली होती, आणि भरतीच्या वेळी गटारातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यावर चहा-बिस्किटं वाटली. हे मनापासून कौतुकाचं आहे. पण पूर ओसरताच माणसं कामावर जातात, कारण बुडालेल्या दिवसाची मजुरी कुणी देत नाही. त्याला जिद्द म्हणून हार घालायचे आणि गटारांचा प्रश्न तसाच ठेवायचा, हे त्या माणसांवर फार महाग पडतं.

मग मुंबईच्या नातेवाइकाकडे जायचं तर काय करावं? फोन रात्री नऊनंतर किंवा रविवारी करावा. किती जण, किती दिवस, हे आपणहून सांगावं, म्हणजे त्याला विचारायची वेळ येत नाही. शक्यतो शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पोचावं. यजमान डोंबिवलीला असेल तर कोकणातून येणाऱ्यानं सीएसएमटीपर्यंत जाऊ नये, ठाण्याला उतरून उलट्या दिशेची गाडी धरावी. सकाळी त्या गाडीत बसायलाही जागा मिळते. तांदळाचं पोतं, नारळ असं जड सामान असेल तर सामानाचा वेगळा डबा असतो, त्यात चढावं. घरी पोचल्यावर पाणी किती वाजता येतं ते विचारून घ्यावं.

उपचारासाठी येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. परळला टाटा मेमोरियल आणि केईएम ही रुग्णालयं जवळजवळ आहेत, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून तिथे रुग्ण येतात. केमोथेरपीची एक फेरी बऱ्याचदा २१ दिवसांनी असते, म्हणजे मुक्काम महिनोन्‌महिने लांबतो. १६० चौरस फुटांत तो निभत नाही, आणि रुग्णाला जंतुसंसर्गापासून जपायचं असतं ते वेगळंच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे रुग्ण आणि सोबतच्या माणसाची राहायची सोय होते. तिथे आधी चौकशी करावी, रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत, आणि मुंबईतल्या नातेवाइकाकडून राहण्याच्या जागेऐवजी दुसरी मदत मागावी: पहिल्या दिवशी केसपेपरच्या रांगेला सोबत, घरचा डबा, रक्ताची गरज पडली तर माणसं. 'परत कधी जाणार' म्हणणारा हाच माणूस पहाटेची पहिली लोकल पकडून रांगेत उभा राहतो.