जनसंपर्काची उमेदवारी

श्रोतेहो, नमस्कार.

पत्रकारिता आणि जनसंवाद शिकणारी पुष्कळ मुलं-मुली दरवर्षी मुंबई-पुण्यातल्या जनसंपर्क संस्थांमध्ये, म्हणजे पीआर एजन्सींमध्ये, काही महिन्यांची इंटर्नशिप करतात. जाताना डोळ्यांपुढे समारंभ असतात, कॅमेरे असतात. हातात येतो तो वर्तमानपत्रांचा गठ्ठा, एक्सेलमधली लांबलचक यादी आणि फोन. या तीन गोष्टी मन लावून हाताळल्या तर या व्यवसायाचा निम्मा भाग कळतो, असं माझं ठाम मत आहे. समोरच्या बातमीदाराला नेमकं काय हवं, किती वाजेपर्यंत हवं आणि दिलेली माहिती खरी असल्याची खात्री त्याला कशी पटणार, एवढंच खरं तर इथे शिकायचं असतं.

दिवस सुरू होतो कात्रणांपासून. आपल्या क्लायंटबद्दल, त्याच्या स्पर्धकांबद्दल आणि एकूण त्या उद्योगाबद्दल आज कुठे काय छापून आलं, हे सकाळी साडेनऊ-दहाच्या आत क्लायंटच्या मेलमध्ये पोचावं लागतं. नवी मुलं पहिल्यांदा इथेच फसतात. नाव टाकून इंटरनेटवर शोधलं, चार दुवे मिळाले, झालं काम. पण ई-पेपरची बरीच पानं चित्ररूपात असतात, त्यातला मजकूर शोधात येत नाही. शिवाय एकाच कंपनीचं नाव एक पेपर ‘टेक्नॉलॉजीज’ छापतो, दुसरा ‘टेक्नोलॉजीस’. तेव्हा पान उघडून डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही. लोकमत, सकाळ, पुढारी यांच्यासारख्या पेपरांच्या ठिकठिकाणच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असतात. कोल्हापूरच्या अंकातली बातमी पुण्याच्या अंकात असेलच असं नाही. कात्रणावर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक हे चारही हवेत. नाहीतर महिनाअखेरीला अहवाल करताना ते कात्रण कुठलं, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि विरोधात जाणारी बातमी दिसली, तर अहवाल पुरा होण्याची वाट पाहायची नाही. आधी वरिष्ठांना फोन करायचा, मग बाकीचं काम.

पत्रकारांची यादी हे दुसरं काम. ते कंटाळवाणं वाटतं, पण एजन्सीची खरी मिळकत तीच असते. नाव, पेपर, आवृत्ती, बीट म्हणजे बातमीदाराकडे सोपवलेला विषय, मोबाइल, ईमेल एवढ्यावर न थांबता आणखी दोन रकाने ठेवावेत. एक, त्यांना फोन केव्हा चालतो. दुसरा, शेवटचं बोलणं कधी आणि कशाबद्दल झालं. बातमीदारांची बीटं बदलतात, नोकऱ्या बदलतात. आरोग्य पाहणाऱ्या व्यक्तीला सहकार क्षेत्राची प्रेसनोट गेली, की पुढची प्रेसनोट न उघडताच पुसली जाते. म्हणून यादी दर महिन्याला तपासायची, आणि त्यासाठी रोजच्या पेपरातल्या बातम्यांवरची नावं वाचत राहायची. कोण कशावर लिहितंय हे तिथेच कळतं. आणखी एक चूक वारंवार दिसते. दीडशे पत्रकारांचे पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकून एकच मेल सोडून दिली जाते. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात, आणि प्रत्येकाला कळतं की ही बातमी आपल्यासाठी म्हणून आलेली नाही.

आता प्रेसनोट, म्हणजे प्रसिद्धीपत्रक. समजा, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांसाठी एक शीतगृह सुरू झालं. पहिला खर्डा हमखास असा येतो: ‘परिसराच्या वैभवात भर घालणाऱ्या, अत्याधुनिक सुविधांनी सुसज्ज अशा शीतगृहाचे उद्घाटन मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाले.’ या वाक्यात बातमी कुठे आहे? डेस्कवरचा, म्हणजे आलेला मजकूर तपासून पानात लावणारा, उपसंपादक हे वाक्य वाचून पुढचं वाचत नाही, कारण त्याच्यापुढे तशीच आणखी पन्नास पत्रकं असतात. तेच असं लिहून पाहा: ‘निफाड तालुक्यातल्या बागायतदारांना येत्या हंगामापासून पाच हजार टन द्राक्षं साठवता येतील असे शीतगृह पिंपळगाव बसवंत येथे सोमवारी सुरू झाले.’ कोणासाठी, किती, कुठे, कधी, सगळं पहिल्याच वाक्यात आलं. साठवणुकीचा दर, नोंदणी कुठे करायची, लहान शेतकऱ्याला किमान किती माल आणावा लागेल, हे दुसऱ्या परिच्छेदात. मान्यवर तिसऱ्यात. जागा कमी पडली की बातमी शेवटाकडून कापली जाते. म्हणून जे कापलं तरी चालेल, ते खाली जातं.

लांबी अडीचशे ते तीनशे शब्द, ए-फोर आकाराचं एक पान. वर तारीख आणि गाव. अवतरणं फार तर दोन, आणि ज्याच्या तोंडी घातली आहेत त्यानं ती वाचून मान्य केलेली. कंपनीची ओळख शेवटी, पन्नास शब्दांत. संपर्कासाठी दिलेला क्रमांक अशाच माणसाचा हवा, जो संध्याकाळी सात वाजताही फोन उचलेल. पान लागत असताना शंका विचारायला फोन आला आणि कुणी घेतला नाही, तर बातमी बाजूला पडते.

मसुदा लिहायला दोन तास लागतात, मंजुरीला दोन दिवस. क्लायंटचा मार्केटिंग विभाग, मग कायदा विभाग, मग साहेब. प्रत्येक जण एक विशेषण वाढवतो. इंटर्ननं तारखेपासून उलटा हिशेब मांडायला शिकावं. सोमवारी बातमी हवी तर मसुदा आधीच्या बुधवारी गेला पाहिजे. प्रत्येक फेरीच्या फाइलच्या नावात तारीख आणि मसुद्याचा क्रमांक टाकावा, नाहीतर मंजूर झालेल्याऐवजी जुनाच मसुदा बाहेर जातो. आणि क्लायंट शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर एक पथ्य कडक आहे. शेअरच्या भावावर परिणाम करू शकेल अशी माहिती आधी शेअर बाजाराला कळवावी लागते, मग पत्रकारांना. हा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. ओळखीच्या पत्रकाराला ‘आधीच सांगून ठेवतो’ म्हणणं इथे चालत नाही.

मराठी प्रेसनोटची एक अडचण इंग्रजीतून काम शिकलेल्यांना ठाऊकच नसते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं दिसतात. त्यावर उपाय म्हणून पीडीएफ पाठवली जाते, आणि त्यातून मजकूर उचलायला गेलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, रफार जागा सोडतो, जोडाक्षरं फुटतात. मग अख्खी प्रेसनोट नव्यानं टाइप करायला डेस्कवर वेळ कुणाला आहे? मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत हवा, वर्ड फाइलमध्ये हवा आणि मेलच्या अंगातही चिकटवलेला हवा. पीडीएफ द्यायची तर फक्त सोबत.

नावांचं तर विचारूच नका. रोमन लिपीत के-ए-एल-ई असं आलेलं आडनाव काळे आहे की काले? एम-ए-एल-आय म्हणजे माळी की माली? अंदाज करायचा नाही, त्या माणसाला किंवा त्याच्या कार्यालयाला फोन करून विचारायचं. पदनाम आणि हुद्दाही तसाच. आकाशवाणीसाठी माहिती पाठवताना परगावच्या आणि परदेशी नावांचा उच्चार देवनागरीत स्वतंत्रपणे लिहून द्यावा. वृत्तनिवेदकाची मोठी सोय होते.

फोटोचा हिशेब सोपा आहे. छपाईला एका इंचात तीनशे बिंदू लागतात. पंधरा सेंटिमीटर रुंदीचा फोटो छापायचा, तर मूळ फोटो साधारण अठराशे पिक्सेल रुंद हवा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, मोबाइलवर छान दिसतो आणि पेपरात धुरकट उमटतो. तो डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलनं पाठवावा. फोटोओळ डावीकडून उजवीकडे, पूर्ण नावांसह. रांगेत पंधरा जण हार-शाली घेऊन उभे असलेला फोटो कुणालाही नको असतो. काम चालू असलेला, दोन-तीन माणसांचा फोटो लागण्याची शक्यता कितीतरी जास्त.

मग येतो बातमीदाराला करायचा फोन. ‘प्रेसनोट मिळाली का?’ आणि ‘कधी छापून येईल?’ हे दोन प्रश्न विचारायचेच नाहीत. पहिल्याचं उत्तर त्याच्या मेलमध्ये आहे, दुसऱ्याचं त्याच्या हातात नाही. ते ठरतं संपादकीय बैठकीत. आपण कोण, बातमी काय आणि त्या पेपरच्या वाचकाला तिचा काय उपयोग, एवढं वीस-पंचवीस सेकंदांत सांगता आलं पाहिजे. फोनआधी तीन ओळी कागदावर लिहून काढल्या की अडखळायला होत नाही. सकाळी साडेअकरा ते दीड ही वेळ बहुधा बरी. संध्याकाळी सहानंतर बातमीदार लिहीत असतात, तेव्हा नवी बातमी सुचवायला फोन करू नये. लांबच्या जिल्ह्यांच्या आवृत्त्या लवकर छापायला जातात, कारण गठ्ठे घेऊन गाड्यांना पहाटेच्या आत पोचायचं असतं. मुंबईत रात्री नऊला चालणारी बातमी तिथे उशिराची ठरते.

पत्रकार परिषद पुण्यात नवी पेठेतल्या पत्रकार भवनात असो किंवा मुंबईत आझाद मैदानाजवळच्या प्रेस क्लबमध्ये, इंटर्ननं तिथे तासभर आधी पोचून स्वतः पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मागचा फलक चकचकीत फ्लेक्सचा नको, त्यावर दिवे परततात आणि नावं वाचता येत नाहीत. मॅट कापड घ्यावं. कॅमेऱ्यांसाठी मागे फूटभर उंच पाट हवा, चालू असलेले प्लग हवेत. वक्ते तीन, बोलणं पंधरा मिनिटं, उरलेला वेळ प्रश्नांना. वाहिन्यांना तीस-चाळीस सेकंदांचा मराठी बाइट, म्हणजे कॅमेऱ्यापुढचं छोटं बोलणं लागतं, तो कोण देणार हे आदल्या दिवशीच ठरवावं. आणि ज्या प्रश्नाला ‘माहिती घेऊन सांगतो’ असं उत्तर मिळालं, तो लिहून घेऊन पाचच्या आत उत्तर पोचतं करणं ही इंटर्नचीच जबाबदारी.

महिनाअखेरीला यशाचं मोजमाप होतं. छापून आलेल्या बातमीचं क्षेत्रफळ काढून जाहिरातीच्या दरानं गुणायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. वीस सेंटिमीटर उंच, बारा रुंद, म्हणजे दोनशे चाळीस चौरस सेंटिमीटर. एका चौरस सेंटिमीटरचा दर हजार रुपये धरला की दोन लाख चाळीस हजारांची प्रसिद्धी मिळाली म्हणायचं. या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बातमी विरोधातली असली तरी क्षेत्रफळ तेवढंच भरतं. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या मंडळींनी मोजमापाची तत्त्वं ठरवली, तेव्हाच जाहिरातीच्या दराचा हा हिशेब अमान्य केला होता. शीतगृहाच्या बातमीनंतर चौकशीचे किती फोन आले, किती बागायतदारांनी नोंदणी केली, हे विचारायला क्लायंटकडे जावं लागतं. त्या विचारण्याला संकोचू नये.

बातमीसाठी पाकीट द्यायला सांगितलं गेलं, तर तिथे काम करू नये. पैसे देऊन जागा घ्यायची असेल तर ती जाहिरात असते, आणि वाचकाला ती जाहिरात म्हणूनच दिसली पाहिजे.

संकटाच्या दिवशी काय करायचं, हेही पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात कोसळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. पेनसिल्व्हेनिया रेलरोडसाठी काम करणाऱ्या आयव्ही ली यांनी माहिती दडवण्याऐवजी निवेदन काढलं, पत्रकारांना घटनास्थळी नेण्याची सोय केली. आधुनिक प्रेसनोटची सुरुवात तिथून सांगतात. आज कारखान्यात अपघात झाला आणि फोन इंटर्नच्या टेबलावर वाजला, तर मत द्यायचं नाही, ‘नो कमेंट’ही म्हणायचं नाही. विचारणाऱ्याचं नाव, पेपर किंवा वाहिनी, नेमका प्रश्न आणि उत्तर किती वाजेपर्यंत हवं, हे लिहून घेऊन लगेच वरिष्ठांकडे द्यायचं. जखमींचा आकडा रुग्णालयाकडून किंवा पोलिसांकडून आल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही. माहिती मिळेपर्यंत तीन ओळींचं निवेदन पुरतं. काय घडलं, मदत कशी चालू आहे आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल, एवढंच त्यात सांगावं. ती वेळ मात्र पाळायचीच, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरीही.

इंटर्नशिप संपताना पत्रकारांची यादी आणि क्लायंटची न छापलेली कागदपत्रं सोबत न्यायची नाहीत, ती संस्थेची असतात. छापून आलेली कात्रणं न्या. प्रत्येकाखाली तुमचा वाटा एका ओळीत लिहा: मसुदा लिहिला, मराठी भाषांतर केलं, फोटोओळ तपासली, जे खरोखर केलं तेवढंच. पुढच्या मुलाखतीत समोरचा माणूस त्या ओळीवरूनच प्रश्न विचारतो. नमस्कार.