जुना आय सेव्हन की नवा आय थ्री? आकडा नको, पिढी बघा

(दोन्ही प्रोसेसर तळहातावर धरून)

राम राम मंडळी! हे बघा दोन प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. डाव्या हातात आहे इंटेलचा आय सेव्हन २६००, जानेवारी २०११ चा, आणि उजव्या हातात आय थ्री १२१००, जानेवारी २०२२ चा. आता कुणालाही विचारा यातला भारी कुठला, तर लहान पोरगं पण म्हणेल आय सेव्हन, सात मोठे की तीन? आणि इथंच आपली माणसं फसतात. माझे मामा पण असेच फसले म्हणून हा व्हिडिओ.

मामांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, फौंड्रीतून कास्टिंग येतात त्याचं मशिनिंग करतात. ऑटोकॅडला, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरला, कॉम्प्युटर पाहिजे होता तर एका दुकानातनं आय सेव्हन घेऊन आले. मला फोन करून म्हणाले, "अरे आय सेव्हन मिळाला बघ स्वस्तात!" मी म्हटलं, मामा, कितव्या पिढीचा हाय? तर म्हणाले, "त्यात पिढी पण असती व्हय?" असती मामा, आणि सगळं तिथंच असतं. दुकानदारानं कॅबिनेट नवं घातलेलं, आत हाच २६०० बसलेला, आणि हे बोलायचं काम त्याचं होतं, मामांनी विचारायचं नव्हतं.

बरं, आता दोघांची जुळणी बघा. याला ४ कोअर, म्हणजे आतले काम करणारे भाग, त्याला पण ४. थ्रेड, म्हणजे एका वेळी हातात घेता येणारी कामं, दोघांना ८. गिगाहर्ट्झ बघाल तर जुना ३.४ वरनं ३.८ पर्यंत जातो, नवा ३.३ वरनं ४.३ पर्यंत. म्हणजे कागदावर जवळजवळ जुळी भावंडं. आणि तरी सिनेबेंचसारखी टेस्ट लावली की एका कोअरच्या कामात नवा आय थ्री साधारण दुप्पट पळतो! कसं काय?

गुऱ्हाळ डोळ्यासमोर आणा. चरक मिनिटाला किती फेऱ्या मारतो, ते झालं गिगाहर्ट्झ. पण रस नुसत्या फेऱ्यांवर निघतो का, एका फेरीत ऊस किती आत जातो ते पण बघाय लागतं की. जुना प्रोसेसर एका ठोक्याला, म्हणजे एका फेरीत, ४ सूचना उलगडू शकतो, नवा ६. आणि ऊस चरकापाशी असला पाहिजे, नाहीतर चरक रिकामाच फिरणार. चरकाशेजारी रचलेल्या मोळ्या म्हणजे कॅशे, आवारातला ढीग म्हणजे रॅम, आणि फडात उभा ऊस म्हणजे हार्ड डिस्क. जुन्यात प्रत्येक कोअरला एल टू कॅशे २५६ केबी, नव्यात १.२५ एमबी, म्हणजे पाचपट मोळ्या हाताशी! सगळ्यांच्या सामाईक एल थ्रीचं ८ एमबीचं १२ झालं, आणि आवारातनं आणायचा वेगपण वाढला, डीडीआर थ्री १३३३ रॅमच्या जागी डीडीआर फोर ३२००.

अजून एक गोष्ट, मला ही सगळ्यात आवडते. मिसळीच्या हॉटेलात हुशार पोरगा काय करतो, पहिल्या टेबलाची मिसळ कट उकळायला थांबली असेल तर तोवर मागच्या टेबलाचे चहा देऊन मोकळा होतो. प्रोसेसर पण हेच करतो, अडकलेली सूचना बाजूला ठेवून पुढची तयार असलेली उरकतो. जुना एका वेळी १६८ बारीक कामं अशी डोळ्यासमोर धरू शकायचा, नवा ५१२!

म्हणून गिगाहर्ट्झ दोन वेगळ्या पिढ्यांत ताडून बघू नका. इंटेलचाच जुना पेंटियम फोर २००४ मध्येच ३.८ गिगाहर्ट्झवर पोचलेला, आणि २००६ मध्ये आलेल्या २.४ वाल्या कोअर टू ड्युओनं त्याला मागं टाकलं. आणि नुसता २०११ चाच नाही, २०१७ चा आय सेव्हन ७७०० के घ्या, ४.५ पर्यंत जातो, त्याला पण हा आय थ्री मागं टाकतो.

मामांच्या कामात हे जास्त टोचतं कारण ऑटोकॅड बहुतेक काम एकाच कोअरवर करतं, तिथं दहा कोअर असून उपयोग नाही, एक कोअर तगडा पाहिजे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी पण ऐका, हल्ली मोबाईल एच २६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत, शूट करतात आणि ते उलगडायचं हार्डवेअर २६०० मध्ये नाहीच, सगळा भार कोअरवर, म्हणून टाइमलाइन अडखळते. १२१०० च्या ग्राफिक्समध्ये ते आहे. फक्त नावामागं एफ असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्सच नसतं, वेगळं कार्ड घालावं लागतं.

पिढी ओळखायची कशी? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये नाव दिसेल. डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक पिढी, २६०० म्हणजे दुसरी. पाच अंकी असेल तर पहिले दोन, १२१०० म्हणजे बारावी. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी तरी लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं आज सेकंडहँड घेताना आठवीच्या खाली जाऊच नका. आणि जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसत नाही हो, सॉकेट, म्हणजे तो बसायची जागा, वेगळं असतं, बोर्ड आणि बहुतेक वेळा रॅम पण बदलायची तयारी ठेवा.

पण जुना मशीन भंगारात घालू नका. टॅली, बिलं, पत्रं यांना २६०० अजून पुरतो, फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जलद डिस्क, घाला, फडातला ऊस एकदम दारात आल्यासारखं होतं. मामांचं आम्ही तेच केलं, २६०० ला एसएसडी आणि विंडोजऐवजी लिनक्स घालून तो गेटपास आणि चलनं काढायला ठेवलाय, आणि ड्रॉइंगच्या टेबलावर आय थ्री १२१०० बसवलाय. काल मामांनी गिअरबॉक्स हाउसिंगचं मोठं ड्रॉइंग उघडलं, झूम केलं, परत केलं, आणि मला म्हणाले, "आता त्या दुकानात कोण निघालं तर आधी तुला फोन करायला सांगतो."