रिग्रेशन टेस्ट किती लिहाव्यात? कव्हरेजचा आकडा हे उत्तर नव्हे

नमस्कार. डेटाबेसच्या नव्या फीचरसाठी रिग्रेशन टेस्ट नेमक्या किती लिहाव्यात, असे आपण कमेंटमध्ये वारंवार विचारता, म्हणून आज केवळ त्यावरच बोलतो. रिग्रेशन टेस्ट म्हणजे नव्या बदलाने आधीचे चालते काम बिघडले नाही ना, हे पाहणारी चाचणी; पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) फाइल चालवून आलेला निकाल जपून ठेवलेल्या अपेक्षित निकालाशी ताडला जातो आणि फरक निघाला की टेस्ट नापास होते.

आमच्या इंदूरच्या ऑफिसात रिव्ह्यूच्या बैठकीत पहिला प्रश्न ‘कव्हरेज किती?’, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा किती टक्के भाग चालून गेला, असाच येतो, आणि आकडा ९० च्या वर गेला की सगळे निर्धास्तपणे पोह्यांकडे वळतात. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. समजा, आपण एक नवे अॅग्रिगेट फंक्शन, म्हणजे टेबलातल्या अनेक रोंवरून (नोंदींवरून) एकच उत्तर काढणारे फंक्शन, लिहिले. रिकाम्या टेबलावर ‘सम’ (बेरीज) नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’, देते आणि ‘काउंट’ (मोजणी) शून्य देते. आपल्या फंक्शनने काय द्यावे, हे कोडची प्रत्येक ओळ चालून गेली तरी कव्हरेज सांगत नाही. दोन सेशन (डेटाबेसशी जोडलेली दोन कनेक्शन) एकाच वेळी तीच रो बदलू लागली तर काय होते, हेही ते सांगत नाही. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये आयसोलेशन टेस्ट वेगळ्या ठेवलेल्या आहेत. फीचरने कॅटलॉगमध्ये (डेटाबेस स्वतःबद्दलच्या नोंदी ठेवतो त्या टेबलांत) नवी माहिती साठवली, पण बॅकअप काढणाऱ्या पीजी-डंपला तिचा पत्ताच नसला, तरीही आकडा तसाच देखणा राहतो. म्हणूनच तिथल्या रिग्रेशन टेस्ट काही टेबले मुद्दाम ड्रॉप न करता मागे ठेवतात, म्हणजे पीजी-अपग्रेडच्या (डेटा नव्या आवृत्तीत नेताना पीजी-डंपच वापरणाऱ्या साधनाच्या) टेस्टमध्ये तीही तपासली जातात.

वडोदऱ्याच्या एका प्रेक्षकांनी लिहिले आहे की एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसकडे तर १०० टक्के ब्रँच कव्हरेज आहे, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक अटीच्या दोन्ही वाटा टेस्टमध्ये चालून जातात. आहे खरे, परंतु ती मंडळी तेवढ्यावर थांबत नाहीत, मेमरी संपणे, डिस्कवर लिहिताना चूक होणे आणि मध्येच वीज जाणे यांचीही नक्कल करून पाहतात.

याचा अर्थ टेस्टचा ढीग रचावा असा नाही, कारण तो प्रत्येक डेव्हलपरला प्रत्येक बदलानंतर चालवावा लागतो. ‘ऑर्डर बाय’ (क्रम ठरवून देणारी सूचना) न लावता शंभर रो छापणारी टेस्ट तर, कृपा करून, लिहूच नका. रोंचा क्रम बदलला की काहीही न बिघडता ती नापास होते. फीचर इतर किती भागांना स्पर्श करते, ते आधी कागदावर मांडावे. एरर मेसेजचा मजकूर बदलला असेल, तर जुन्याच फाइलमध्ये एक क्वेरी पुरते. नवा इंडेक्स (डेटा झटपट शोधण्याची सूची) प्रकार असेल, तर नल, व्हॅक्यूम (निरुपयोगी झालेल्या जुन्या रोंची साफसफाई), क्रॅशनंतरची रिकव्हरी आणि रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) या प्रत्येकासाठी निदान एक टेस्ट हवीच.