गुंगी म्हणजे गुण नव्हे

नमस्कार, श्रोतेहो. बायपोलर म्हणजे मन कधी उन्मादाने चढतं, तर कधी उदासीत बुडतं, तो आजार. त्याच्या गोळ्या ज्या घरात चालू आहेत, तिथे हे वाक्य रोज ऐकू येतं: "गोळी सुरू झाल्यापासून नुसता झोपून असतो." त्यावर कुणी म्हणतं, झोपतोय ना, मग औषध लागू पडतंय. कुणी म्हणतं, बंद करा त्या गोळ्या. दोघांचंही चुकतं. कसं ते सांगायला मला गिनीपिगांची गोष्ट लागते, आणि ती मी जरा सावकाश सांगणार आहे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ बंडूरा नावाचं ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे माजी सैनिकांचं मनोरुग्णालय होतं आणि त्यात जॉन केड नावाचे डॉक्टर होते. साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत, सिंगापूरच्या चांगी तुरुंगात काढून आलेला माणूस. तिथे त्यांच्या मनात एक कल्पना घर करून बसली: उन्माद म्हणजे शरीरात कुठलंतरी द्रव्य जास्त झालेलं असणार, आणि ते लघवीतून बाहेर पडत असणार. प्रयोगशाळा नव्हती. रुग्णालयातली एक पडीक कोठीची खोली मिळाली. रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या ठेवल्या कुठे, तर घरच्या फ्रिजमध्ये! केडबाईंनी काय म्हटलं असेल, ते तुम्हीच ताडा.

ती लघवी ते गिनीपिगांच्या पोटात टोचत. पुष्कळ गिनीपिग मेले. मारक होता तो युरिया. त्याला युरिक आम्लाची साथ असावी, असा केडना संशय. पण युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळेना. विरघळणारा क्षार शोधता शोधता हाती लागला लिथियम या धातूचा. आणि गंमत बघा, लिथियम घातल्यावर विषाचा जोर वाढायच्या ऐवजी कमी झाला. मग त्यांनी नुसतं लिथियम कार्बोनेट टोचून पाहिलं. दोनेक तासांनी ते चुळबुळे प्राणी सुस्त झाले. उताणं ठेवलं की गिनीपिग तडफडून पालथा होतो. हे नुसते पडून राहिले, डॉक्टरांकडे शांतपणे बघत. तास-दोन तासांनी पुन्हा पहिल्यासारखे.

केडनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिलं. मार्च १९४८ मध्ये पहिल्या रुग्णाला दिलं. एक्कावन्न वर्षांचा माजी सैनिक, पाच वर्षं सतत उन्मादात, वॉर्डात सगळ्यांना नकोसा झालेला. तीन आठवड्यांत तो बरं होणाऱ्यांच्या वॉर्डात आला. जुलैत घरी गेला आणि जुन्या कामावर रुजू झाला. पाच वर्षांनी! सप्टेंबर १९४९ मध्ये केडचा लेख छापून आला, त्यात उन्मादाचे दहा रुग्ण होते.

गोष्ट इथे संपवायचा मोह होतो, आणि बरेचजण इथेच संपवतात. आपल्याकडे शोधांच्या गोष्टी मुलांना नेहमी अर्ध्याच सांगतात, यशापर्यंतच्या. पुढचा अर्धा भाग असा. बरं वाटल्यावर त्या माणसाने गोळ्यांची चालढकल केली, मग सोडल्याच. जानेवारी १९४९ मध्ये तो परत त्याच वॉर्डात. पुन्हा लिथियम, पुन्हा उतार. पण रक्तातलं लिथियम मोजायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेने गेला.

आणि ते शांत गिनीपिग? ते बहुधा शांत नव्हतेच. त्यांनाही विष चढत होतं. केडना ती गुंगी गुण वाटली. लिथियम चांगलं औषध निघालं ते खरं, पण झोपवून काम करत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, गुंगी म्हणजे गुण नव्हे.

आता कामाचं, जरा भराभर.

गुंगीला घड्याळ असतं. बायपोलरवरच्या क्वेटियापिनचंच उदाहरण बघा. ही गोळी दोन प्रकारची. साधी गोळी साधारण दीड तासात रक्तात सर्वात वर पोचते. लांबणीची, जिच्यावर एसआर किंवा एक्सआर लिहिलेलं असतं, ती सुमारे सहा तासांनी. म्हणजे लांबणीची गोळी रात्री अकराला घेतली, तर तिचा जोर पहाटे पाचला. सातला उठवलं तर माणूस उठणार कसा? डॉक्टरांना विचारून तीच गोळी संध्याकाळी सात-आठला घेतली, तर कित्येकांची सकाळ मोकळी होते. मात्र ती पोटभर जेवणावर घ्यायची नाही, हलक्या खाण्यावर चालते. आणि तोडायची किंवा चावायची नाही, नाहीतर सहा तासांचा माल एकदम सुटतो. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, रक्तदाब खाली येऊन घेरी येते.

यावरून आठवलं. औषधाच्या दुकानात दहाची पट्टी कातरीने कापून चार गोळ्या देतात. त्या कातरीत तारीखही जाते आणि 'एसआर' ही अक्षरंही जातात. मग घरात कुणाला कळणार कुठली गोळी ती? पूर्ण पट्टी मागा. भांडण झालं तरी मागा.

दुसरं, झोप नेमकी कुणामुळे येते? सर्दीसाठी घेतलेली सेटिरिझिन, सुरुवातीला पंधरा दिवसांसाठी दिलेली आणि वर्षभर तशीच चालू राहिलेली, गुंगी आणणारी क्लोनाझेपाम, किंवा दारू. ओलांझापिन हे बायपोलरचंच औषध चालू असताना विडी-सिगारेट सोडली तर रक्तातलं औषध वाढतं आणि झोप वाढते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून चघळायच्या तंबाखूला हे लागू नाही. विडी जरूर सोडा, पण आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे डोस बघता येतो.

लिथियमवरच्या माणसाला नव्याने सुस्ती आली, तर मात्र थांबू नका. सुस्ती आणि जोडीला हात थरथरणं, उलटी-जुलाब, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, म्हणजे विषबाधेची शंका. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना. पुन्हा सांगतो, त्याच दिवशी. लिथियम वाढतं कशाने? आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या अंगदुखीच्या गोळ्यांनी, मीठ एकदम तोडल्याने, निर्जळी उपासाने, उन्हात घाम गेल्याने. चहा-कॉफी एकदम सोडल्यानेही. चहा सोडा म्हणणाऱ्यांना मी एरवीही फारसा मानत नाही, इथे तर माझ्याकडे कारणही आहे. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर हवी, काहींना १ पर्यंत. थायरॉइडही तपासा. लिथियमने ती मंदावते आणि माणूस आळशी ठरतो.

कमी झोप आणणारी औषधं आहेत, पण प्रत्येकाची काही किंमत आहे. लॅमोट्रिजिन मुख्यतः उदासी परत येऊ नये म्हणून, चढलेला उन्माद ते उतरवत नाही. दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग हळूहळू वर. व्हॅल्प्रोएट हे बायपोलरचं दुसरं औषध सोबत असेल तर निम्म्याने. घाई केली तर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्या डोसपासून. अ‍ॅरिपिप्राझोल बहुधा सकाळी घेतात, झोप कमी, पण पायांना चैन पडू देत नाही. घरच्यांना वाटतं उन्माद परतला, आणि डोस वाढवून घेतात. त्याने ती चुळबुळ उलट वाढते. ल्युरासिडोन ३५० कॅलरींच्या जेवणासोबतच, रिकाम्या पोटी ती निम्मीच शोषली जाते. उपासाला साबुदाण्याची थाळीभर खिचडी चालेल, नुसतं केळं आणि कपभर दूध पुरणार नाही. व्हॅल्प्रोएटने मात्र झोप येतेच, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो नकोच, गर्भाला इजा होते.

डॉक्टरांकडे जाताना "झोप येते" एवढंच सांगू नका. चौदा दिवस वहीत रोज या चार वेळा टिपून ठेवा: गोळी कधी, डोळा कधी लागला, जाग कधी, डोकं हलकं कधी झालं. "साडेदहापर्यंत डोकं जड असतं" हे ऐकल्यावर त्यांना वेळ बदलता येते, डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. मनाने बंद मात्र करू नका. बंडूराच्या त्या सैनिकाने तेच केलं होतं. डोकं जड असेपर्यंत दुचाकीची किल्ली दुसऱ्याकडे.

आणि रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट नंबर आहे, चोवीस तास, मराठीतूनही बोलतात. पेन घेतलंत? १४४१६. एक, चार, चार, एक, सहा.