पहिल्या गोळीआधी रक्त द्या

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा लागला की पुण्यात घरोघरी कुणी ना कुणी तापाने आडवं झालेलं असतं. दोन दिवस पॅरासिटामॉल, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या, तरी ताप हटेना म्हणून मग डॉक्टर आणि रक्ततपासणी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करताना हा क्रम मी सतत पाहते. तो उलटा व्हायला हवा, एवढंच सांगायला मी आज आले आहे.

या तापांतला एक टायफॉईड. त्याचा जंतू माणसाखेरीज दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात मुक्काम करत नाही. त्यामुळे औषधांना तोंड द्यायला तो जे काही शिकला, ते आपल्याच शरीरात शिकला. 1948 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि टायफॉईडने मरणारी माणसं वाचू लागली. 1972 मध्ये केरळात, कालिकतला, त्या औषधाला दाद न देणारा टायफॉईड पसरला. 1990 च्या आसपास अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्सॅझोलही त्याच वाटेने गेली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे दिवस आले. आज भारतातल्या बहुतेक टायफॉईडवर त्याचा भरवसा धरता येत नाही. 2016 मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमधल्या हैदराबादेत जी साथ सुरू झाली, तिच्यात सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शनही चालेना. पोटात घ्यायचं भरवशाचं औषध एकच उरलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन. हो, सर्दी-खोकल्याला आपण सहज मागतो तेच. त्यालाही न जुमानणारे जंतू बांगलादेशात सापडले आहेत.

जंतू पोटात गेलाच नाही तर सगळ्यात उत्तम. 2025 च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या नसांच्या आजाराची साथ आली, तेव्हा पाण्याची किंमत पुणेकरांना पुन्हा कळली. टायफॉईडही पाण्यातून आणि अन्नातूनच येतो, म्हणून टँकरचं किंवा बोअरचं पाणी उकळूनच प्या. टायफॉईडची नवी लस नऊ महिन्यांच्या बाळालाही देता येते. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांसाठी तिची मोहीमच घेतली होती. बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आता तपासणीविषयी. टायफॉईडसाठी सर्रास होणारी विडाल टेस्ट 1896 सालची आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूंशी लढायला शरीराने रक्तात बनवलेली प्रतिपिंडं मोजते. ती जुन्या आजाराची असू शकतात, कधी दुसऱ्याच तापातही वाढलेली दिसतात. एकट्या विडालवरून टायफॉईड ठरवून औषध सुरू झालेलं पाहिलं की मला खरोखर वाईट वाटतं.

ब्लड कल्चरचं तसं नाही. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त पोषक द्रव भरलेल्या बाटलीत घालून आम्ही उबेला ठेवतो. जंतू वाढले की ते काचेच्या बशीतल्या जेलीवर पसरतो आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बशी उचलली की जंतूंचा फिकट थर दिसतो. लागू पडणाऱ्या औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल वर्तुळ असतं. सिप्रोच्या टिकलीला तर थर अनेकदा अगदी खेटून असतो. आणि आनंदाची गोष्ट अशी, की क्लोरॅम्फेनिकॉल आणि कोट्रायमोक्सॅझोलभोवती आता पुष्कळदा छान मोठी वर्तुळं दिसतात. वापर कमी झाला, तशी ही जुनी औषधं पुन्हा चालू लागली आहेत. पण आपल्या रुग्णाला ती चालतील का, हे डॉक्टरांना कल्चरशिवाय कसं कळणार?

कल्चरमध्ये जंतू दरवेळी सापडतातच असं नाही, टायफॉईडच्या दहा रुग्णांतल्या चारेकांत जंतू हाती लागत नाहीत. आधी गोळ्या झाल्या असतील तर शक्यता आणखी कमी. म्हणून स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका. ताप तीन दिवसांवर गेला तर डॉक्टरांना थेट विचारा, "औषध सुरू करण्याआधी कल्चरला रक्त देऊ का?" रक्त दिलं की डॉक्टर लगेच औषध सुरू करू शकतात, रिपोर्टसाठी अडून बसावं लागत नाही. योग्य औषध चालू असलं तरी टायफॉईडचा ताप उतरायला चार ते सात दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी औषध बदलून मागू नका. आणि कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत बरं वाटू लागलं असलं, तरी तो घेऊन डॉक्टरांकडे जा. नमस्कार.